सुरक्षित पूर्णांक

संगणकाच्या एखाद्या संख्यापद्धतीत जो पूर्णांक जसाच्या तसा मांडता येतो आणि ज्याच्या मांडणीशी दुसऱ्या कोणत्याही पूर्णांकाची मांडणी एकरूप होत नाही, त्याला त्या पद्धतीतील सुरक्षित पूर्णांक म्हणतात. आंतरजालावरील पृष्ठे ज्या भाषेत चालतात त्या जावास्क्रिप्ट या आज्ञावली-भाषेच्या संदर्भात ही संज्ञा २०१५ पासून रूढ झाली. त्या भाषेत −९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पासून +९,००,७१,९९,२५,४७,४०,९९१ पर्यंतचे सर्व पूर्णांक सुरक्षित होत. ही वरची मर्यादा म्हणजे २ च्या ५३ व्या घातातून १ वजा केल्यावर येणारी संख्या होय.

व्याख्येचे दोन्ही भाग ध्यानात घेणे आवश्यक आहे. २ चा ५३ वा घात, म्हणजे शेवटी ९९२ असलेली संख्या, या पद्धतीत अचूक मांडता येते. तरीही ती सुरक्षित नाही. कारण तिच्या पुढची, शेवटी ९९३ असलेली संख्या मांडता येत नसल्याने तीही ९९२ म्हणूनच साठवली जाते. साठ्यात ९९२ आढळल्यास मूळ संख्या कोणती होती हे मग सांगता येत नाही. अचूकता हा एका संख्येचा गुण आहे, तर सुरक्षितता हा त्या संख्येचा तिच्या शेजाऱ्यांशी असलेला संबंध आहे.

या मर्यादेचा आवाका भारतीय स्थाननामांवरून चांगला कळतो. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी लीलावती या ग्रंथात एकपासून परार्धापर्यंत अठरा दशगुणोत्तर स्थाने सांगितली आहेत. त्यांपैकी सोळाव्या स्थानाचे नाव अंत्य असून सतरावे मध्य व अठरावे परार्ध होय. सुरक्षित पूर्णांकांची सीमा नऊ अंत्यांच्या किंचित पुढे पडते. तिच्यापलीकडे आठशे वर्षांपूर्वीच्या नामावलीतील दोन स्थाने पूर्णपणे शिल्लक राहतात. गणिताला इतक्या मोठ्या संख्या नव्या नव्हत्या. मर्यादा आली ती यंत्राच्या रचनेतून.

शब्दलांबी व संख्येची मर्यादा : कागदावर संख्या लिहिताना माणूस लागतील तितके अंक लिहितो. यंत्रात मात्र प्रत्येक संख्येसाठी ठरावीक घरे राखलेली असतात. वाहनाच्या अंतरमापकात पाच घरे असतील, तर ९९,९९९ नंतर तो पुन्हा शून्यावर येतो. अंतर संपलेले नसते, घरे संपलेली असतात. अंकीय संगणकात या घरांत केवळ ० व १ हे द्विमान पद्धतीचे अंक बसतात. एका वेळी हाताळल्या जाणाऱ्या अशा अंकांच्या गटास शब्द म्हणतात आणि त्यातील अंकांची संख्या ही त्या यंत्राची शब्दलांबी होय. चिन्हासाठी एक घर राखले, तर उरलेल्या घरांवरून सर्वांत मोठा पूर्णांक ठरतो. प्रत्येक पिढीच्या संगणकाला अशी सीमा होती. सीमा ओलांडली जात असता ती कोणी ओळखावयाची, आज्ञावली लिहिणाऱ्याने, यंत्राने की भाषेने, याचे उत्तर मात्र काळानुसार बदलत गेले. त्या बदलाचे बहुतेक टप्पे मुंबई व तिच्या उपनगरांतील संगणकांच्या इतिहासात पाहावयास मिळतात.

मुंबईतील आरंभीची यंत्रे : टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली भारतात अभिकल्पित केलेला व बांधलेला संगणक फेब्रुवारी १९६० मध्ये कार्यान्वित झाला. १५ जानेवारी १९६२ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी त्यास टीफ्रॅक असे नाव दिले. त्याची शब्दलांबी ४० द्विमान अंकांची होती. चिन्हाचे घर सोडून उरलेली ३९ घरे पूर्णांक म्हणून वाचल्यास सर्वांत मोठी संख्या ५,४९,७५,५८,१३,८८७ येते. त्या काळातील अशा यंत्रांवर बिंदूचे स्थान निश्चित असे. राशी यंत्राच्या कक्षेत बसावी म्हणून तिला योग्य त्या घाताने गुणण्याचे अथवा भागण्याचे काम आज्ञावली लिहिणारा स्वतः, कागदावर, आधी करून ठेवी. गणितकृत्याच्या प्रत्येक पायरीवर उत्तर किती मोठे होऊ शकेल याचा अंदाज बांधल्याशिवाय आज्ञावली लिहिताच येत नसे. सीमेची जाणीव अशा रीतीने कामाचाच भाग होती.

मुंबईच्या उपनगरांत संगणकाचा प्रवेश पवईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेमार्फत झाला. १९५८ मध्ये युनेस्को व सोव्हिएट संघ यांच्या साहाय्याने स्थापन झालेल्या या संस्थेत १९६०–७० या दशकाच्या उत्तरार्धात मिन्स्क–२ हा सोव्हिएट बनावटीचा संगणक बसविण्यात आला. त्याची शब्दलांबी ३७ अंकांची होती. पुढील दशकात तेथे ईसी–१०३० हे यंत्र आले. या यंत्रमालेची रचना आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये जाहीर केलेल्या सिस्टिम–३६० या मालेस अनुसरणारी असल्याने तिची शब्दलांबी ३२ होती. ३७, ४० व ४८ अशा निरनिराळ्या लांबींच्या जागी ३२ ही लांबी त्यानंतर जगभर प्रमाण ठरत गेली आणि २,१४,७४,८३,६४७ ही संख्या पूर्णांकांची सर्वांत परिचित सीमा बनली. रुपयांचा हिशेब पैशांत ठेवावयाचा झाल्यास ही सीमा सुमारे २ कोटी १५ लाख रुपयांवर संपते. मध्यम आकाराच्या पेढीलाही ती अपुरी पडते.

अंधेरीतील बरोज परंपरा : अंधेरी पूर्व येथे १९७३ मध्ये सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र स्थापन झाले. सीप्झ या संक्षिप्त नावाने ते ओळखले जाते. टाटा समूह व अमेरिकेतील बरोज कंपनी यांनी १९७७ मध्ये संयुक्तपणे उभारलेली टाटा बरोज ही कंपनी याच क्षेत्रात काम करू लागली. पुढे तिचे नाव टाटा युनिसिस व नंतर टाटा इन्फोटेक असे झाले आणि अखेरीस ती टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसमध्ये विलीन झाली.

बरोज कंपनीच्या मोठ्या यंत्रांची संख्यापद्धती प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १९६१ मधील बी–५००० पासून या यंत्रांची शब्दलांबी ४८ होती. बहुतेक यंत्रांत पूर्णांकांची व अपूर्णांकांची मांडणी निराळी असे; बरोज यंत्रांत ती एकच होती. प्रत्येक संख्या ३९ अंकी मुख्य भाग व ८ च्या घाताचा घातांक अशा दोन भागांत लिहिली जाई. घातांक शून्य असला म्हणजे ती संख्या पूर्णांक समजावी, इतकाच नियम होता. त्यामुळे पूर्णांकांची सीमा येथेही ५,४९,७५,५८,१३,८८७ हीच येत असे. त्यापुढील मोठ्या संख्या मांडता येत, परंतु त्यांचे शेवटचे अंक गळून पडत. पूर्णांक अपेक्षित असलेल्या ठिकाणी सीमेबाहेरची राशी आली, तर यंत्र स्वतः काम थांबवून पूर्णांक-अतिरेकाची सूचना देई. सीमा ओळखण्याचे काम माणसाकडून यंत्राकडे आले होते.

पूर्णांकांना स्वतंत्र मांडणी न देण्याची हीच कल्पना तीन दशकांनंतर आंतरजालाच्या भाषेत पुन्हा अवतरली. यंत्राची सूचना मात्र तिच्याबरोबर आली नाही.

सरकत्या बिंदूची प्रमाण पद्धती : मुख्य भाग व घातांक यांच्या साहाय्याने संख्या मांडण्याच्या रीतीस सरकत्या बिंदूची, किंवा व्यवहारात फ्लोटिंग पॉइंट, पद्धती म्हणतात. प्रत्येक उत्पादकाची रीत निराळी असल्याने एकाच आज्ञावलीची उत्तरे यंत्रागणिक बदलत. ही अव्यवस्था दूर करण्यासाठी १९८५ मध्ये अमेरिकेतील विद्युत् व इलेक्ट्रॉनिकी अभियंत्यांच्या संस्थेने आयईईई–७५४ हे मानक प्रसिद्ध केले. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम काहान हे त्याचे प्रमुख शिल्पकार असून त्यांना १९८९ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले.

या मानकातील दुहेरी अचूकतेच्या संख्येस ६४ घरे असतात : १ चिन्हाचे, ११ घातांकाची व ५२ अपूर्णांशाची. द्विमान पद्धतीत मुख्य भागाचा पहिला अंक सर्वसाधारणपणे १ च असल्याने तो लिहावा लागत नाही. त्यामुळे ५२ घरांत ५३ सार्थ अंक मिळतात. २ च्या ५३ व्या घातापर्यंत दोन लगतच्या मांडण्यांतील अंतर १ किंवा त्याहून कमी असते, म्हणून एकही पूर्णांक सुटत नाही. त्यापुढे हे अंतर २ होते व विषम संख्या नाहीशा होतात. ५४ व्या घातापुढे ते ४, ५५ व्या घातापुढे ८ याप्रमाणे दुप्पट होत जाते. पट्टीवरील खुणा जशा विरळ होत जाव्यात तसा हा प्रकार आहे. मधल्या संख्येला जवळच्या खुणेवर नेऊन बसवले जाते. उदा., १२३४५६७८९०१२३४५६७ ही सतरा अंकी संख्या लिहिली असता शेवटचा ७ जाऊन ८ येतो.

आंतरजाल व जावास्क्रिप्ट : १९८५ मध्ये जुहू येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राचा भारतातील संगणकजालाच्या उभारणीत मोठा वाटा आहे. शैक्षणिक व संशोधन संस्थांना जोडणाऱ्या अर्नेट या जालाचे ते एक प्रमुख केंद्र होते व पवईची तंत्रविद्या संस्थाही त्यात सहभागी होती. सर्वसाधारण जनतेस आंतरजालाची सेवा १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमामार्फत मिळू लागली.

त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेतील नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत एका लहान भाषेचा पहिला आराखडा तयार केला. डिसेंबर १९९५ मध्ये ती जावास्क्रिप्ट या नावाने जाहीर झाली आणि जून १९९७ मध्ये एक्मा या संस्थेने तिचे पहिले मानक प्रसिद्ध केले. पृष्ठावर लहानसहान हालचाली घडवून आणण्याकरिता ती योजलेली होती. शिकणाऱ्यास पूर्णांक व अपूर्णांक हा भेद पडू नये म्हणून तीत संख्येचा एकच प्रकार ठेवण्यात आला, तो म्हणजे आयईईई–७५४ ची दुहेरी अचूकतेची संख्या. त्या मर्यादित हेतूसाठी ही निवड सोयीची होती. पुढे याच भाषेत बँकांची, रेल्वे आरक्षणाची व शासकीय सेवांची पृष्ठे लिहिली जाऊ लागली, तेव्हा तिची सीमा सर्वांच्या व्यवहाराची सीमा बनली. ही सीमा ओलांडली गेली असता भाषा थांबत नाही व सूचनाही देत नाही. ती जवळची दुसरी संख्या देऊन पुढे जाते.

सीमा ओलांडण्याचे परिणाम किती भिन्न असू शकतात हे दोन प्रसिद्ध घटनांवरून दिसते. ४ जून १९९६ रोजी एरियान–५ या यूरोपीय अग्निबाणाच्या पहिल्या उड्डाणात दुहेरी अचूकतेची एक राशी १६ द्विमान अंकांच्या पूर्णांकात बसवताना ३२,७६७ ही सीमा ओलांडली गेली. संगणकाने सूचना दिली, परंतु तिची दखल घेण्याची तरतूद नसल्याने मार्गदर्शन यंत्रणा बंद पडली व सुमारे ४० सेकंदांत अग्निबाण नष्ट झाला. डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबवरील एका कोरियन गीताची प्रेक्षकसंख्या २,१४,७४,८३,६४७ पलीकडे जाऊ लागली, तेव्हा गणकाची लांबी ३२ वरून ६४ करण्यात आली. येथे हानी झाली नाही, कारण सीमा आधीच लक्षात आली होती.

तपासणीच्या पद्धती : जावास्क्रिप्टमध्ये दीर्घकाळ पूर्णांक तपासण्याची अधिकृत सोय नव्हती. त्यामुळे आज्ञावली लिहिणाऱ्यांत अनेक युक्त्या प्रचलित होत्या. पहिली युक्ती म्हणजे संख्येचा अपूर्णांश टाकून उरलेली संख्या मूळ संख्येइतकीच आहे का हे पाहणे. ५३ व्या घातापलीकडील सर्व संख्या अपूर्णांशरहित असल्याने ही कसोटी त्यांना बिनदिक्कत उत्तीर्ण करते. शेवटचे अंक गळालेले असले तरी तिला ते कळत नाही. दुसरी युक्ती द्विमान अंकांवरील गणितकृत्यांची होती. या कृत्यांत भाषा संख्येला ३२ घरांत कोंबते, म्हणून १०,००,००,००,००० या दहा अब्जांचे १,४१,००,६५,४०८ होतात. दहा अंकी भारतीय भ्रमणध्वनी क्रमांक या युक्तीने तपासला, तर तो मोडल्यावाचून राहत नाही.

जून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहाव्या आवृत्तीत भाषेच्या मानकात दोन स्वतंत्र कसोट्या आल्या. इझ-इंटिजर ही कसोटी राशी पूर्णांक आहे का इतकेच सांगते. इझ-सेफ-इंटिजर ही कसोटी चार गोष्टी पाहते : राशी संख्या या प्रकारची आहे, ती सांत आहे, तिला अपूर्णांश नाही आणि तिचे केवल मूल्य २ च्या ५३ व्या घाताहून लहान आहे. अक्षरमालेच्या रूपातील ३ ला ही कसोटी नकार देते, कारण ती संख्या नाही, ३.० ला मात्र होकार देते, कारण या भाषेत ३ व ३.० यांत भेद नाही.

५३ वा घात स्वतः सुरक्षित का मानला नाही, याचा उलगडा येथे होतो. सीमेबाहेरचा कोणताही धन पूर्णांक वाचताना बदलला, तरी बदललेली संख्या त्या घाताहून लहान कधीच होत नाही. म्हणून बदल आधी झालेला असला, तरी कसोटी नंतर लावून तो हमखास पकडता येतो. दोन सुरक्षित पूर्णांकांची बेरीज, वजाबाकी किंवा गुणाकार करून उत्तर तपासले, तर त्यासही हेच लागू पडते. सीमा एका अंकाने अलीकडे घेतल्याने कसोटीला हे सामर्थ्य आले आहे.

तथापि ही कसोटी प्रत्येक पायरीवर लावली पाहिजे. शेवटी ९९३ असलेली वरील संख्या घेऊन तिच्यातून २ वजा केले असता खरे उत्तर ९९१ ने संपावयास हवे. प्रत्यक्षात संख्या वाचतानाच ९९२ होते व उत्तर ९९० ने संपते. हे उत्तर सुरक्षित कक्षेत असल्याने केवळ शेवटी लावलेली कसोटी त्यास होकार देते. जुन्या शाळांत मोठ्या गुणाकाराचा ताळा नऊ टाकून घेत असत, तो मांडणीतील चूक दाखवी. येथील कसोटी चूक दाखवीत नाही, चूक होण्याची शक्यता दाखवते. हा भेद विसरल्यास तपासणी केल्याचे खोटे समाधान मात्र मिळते.

ओळखक्रमांक : सुरक्षित पूर्णांकांचा प्रश्न सर्वाधिक जाणवतो तो मोजणीच्या संख्यांत नव्हे, तर नावादाखल वापरल्या जाणाऱ्या क्रमांकांत. महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. हा क्रमांक बारा अंकी असून जावास्क्रिप्टच्या कक्षेत सहज बसतो. टीफ्रॅकच्या किंवा बरोज यंत्राच्या एका शब्दात मात्र साडेपाच निखर्वांपुढील असे क्रमांक मावले नसते. सोळा अंकी पतपत्रे व खातेपत्रे यांचे ४, ५, ६ किंवा ८ ने सुरू होणारे क्रमांकही सीमेच्या अलीकडे राहतात, परंतु हा केवळ पहिल्या अंकाचा योगायोग आहे. स्वयंपाकाच्या गॅसच्या ग्राहकाला दिलेला ओळखक्रमांक सतरा अंकी आहे व भारतीय बँकांचे खातेक्रमांक अठरा अंकांपर्यंत जातात. अठरा अंक म्हणजे भास्कराचार्यांच्या नामावलीतील परार्धाचे स्थान होय. १२३४५६७८९०१२३४५६७८ व १२३४५६७८९०१२३४५६८१ हे दोन निरनिराळे क्रमांक संख्या म्हणून वाचले, तर दोन्ही ६८० ने संपणाऱ्या एकाच क्रमांकात रूपांतरित होतात. यंत्राच्या दृष्टीने दोन खातेदार एक होतात, किंवा अस्तित्वात नसलेला तिसरा निर्माण होतो.

ही अडचण जगापुढे ठळकपणे आली ती २०१० मध्ये. ट्विटर या संस्थेने संदेशांना ६४ द्विमान अंकांचे क्रमांक देण्याची नवी पद्धती आणली, तेव्हा ते लवकरच ५३ अंकांपलीकडे जाणार हे स्पष्ट होते. म्हणून प्रत्येक संदेशाबरोबर तोच क्रमांक संख्या व अक्षरमाला अशा दोन रूपांत पाठविण्यास प्रारंभ झाला. यंत्रायंत्रांत माहितीची देवघेव करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जेसन या लेखनपद्धतीत अंकांच्या संख्येवर बंधन नाही; परंतु तिच्या २०१७ च्या मानकात वर दिलेल्या सुरक्षित कक्षेतील पूर्णांकांबाबतच सर्व यंत्रांचे एकमत होईल, असे नमूद केले आहे. संख्येचे रूपांतर मजकूर वाचतानाच होत असल्याने आज्ञावलीस मूळ अंक कधी दिसतच नाहीत.

यावरील उपाय गणिती नसून विचाराचा आहे. ज्या क्रमांकाची बेरीज, वजाबाकी किंवा सरासरी यांना अर्थ नाही, तो संख्या नव्हे. ते अंकांत लिहिलेले नाव आहे. ते अक्षरमाला म्हणूनच ठेवावे. असे केल्याने क्रमांकाच्या आरंभीची शून्येही टिकतात आणि अंकांतील चूक शोधण्यासाठी जोडलेला ताळ्याचा अंकही उपयोगी पडतो. आधार क्रमांकातील शेवटचा अंक व्हरहूफ पद्धतीने व पतपत्रावरील शेवटचा अंक लून पद्धतीने काढलेला असतो. आधीचे अंक बदलले गेल्यास ते बहुधा या अंकाशी जुळत नाहीत.

पैशांचा हिशेब : रक्कम ही मात्र खरोखरीची संख्या आहे व तिच्यावर गणितकृत्ये करावीच लागतात. दशांश अपूर्णांक द्विमान पद्धतीत बहुधा अचूक मांडता येत नाहीत, ४.३५ रुपयांना १०० ने गुणले असता ४३५ न येता ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतात. म्हणून रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवण्याचा प्रघात आहे. तसे केल्यास सुरक्षित पूर्णांकांची सीमा ९,००,७१,९९,२५,४७,४०९ रुपये ९१ पैसे, म्हणजे सुमारे ९० लाख कोटी रुपये येते. एखाद्या व्यक्तीच्या किंवा उद्योगाच्या खात्यास ही सीमा कधी आड येईल असे वाटत नाही.

तथापि मुंबई उपनगर जिल्ह्यातच तिच्यापलीकडील एका राशीचे उदाहरण मिळते. वांद्रे–कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या भारतीय राष्ट्रीय देयक निगमाने एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय ही देयकपद्धती सुरू केली. अंधेरीच्या स्थानकाबाहेरचा भाजीवाला किंवा मुलुंडचा चहावाला दहा-वीस रुपये जिच्यातून घेतो ती हीच पद्धती होय. एका देयकाची सर्वसाधारण मर्यादा एक लाख रुपयांची, म्हणजे एक कोटी पैशांची असल्याने प्रत्येक देयक स्वतंत्रपणे पूर्ण सुरक्षित आहे. एकूण बेरीज मात्र झपाट्याने वाढली. २०२१–२२ या आर्थिक वर्षात ती सुमारे ८४ लाख कोटी रुपये होती, २०२२–२३ मध्ये सुमारे १३९ लाख कोटी व २०२३–२४ मध्ये सुमारे २०० लाख कोटी झाली. वार्षिक बेरीज जावास्क्रिप्टच्या एका संख्येत पैशांच्या रूपाने ठेवावयाची म्हटल्यास २०२१–२२ चा आकडा सीमेच्या जेमतेम आत राहतो आणि २०२२–२३ चा तिच्या बाहेर जातो. १३९ लाख कोटींच्या आसपास विषम पैसे मांडता येत नाहीत, तर २०० लाख कोटींपाशी केवळ चारने भाग जाणारे पैसे मांडता येतात. बेरीज ५३ व्या घातावर पोहोचल्यानंतर तीत एक-एक पैसा कितीही वेळा मिळवला, तरी ती जागची हलत नाही. चूक काही पैशांची असली, तरी ज्या ताळेबंदात दोन बाजू शेवटच्या पैशापर्यंत जुळाव्या लागतात, तेथे तिचे मूळ शोधणे कठीण असते, कारण एकही नोंद चुकीची आढळत नाही. लहान रकमांच्या प्रचंड बेरजांसाठी अधिक लांबीची मांडणी का लागते, हे या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे.

अमर्याद पूर्णांक : जून २०२० च्या अकराव्या आवृत्तीत भाषेच्या मानकात बिगइंट हा स्वतंत्र पूर्णांक-प्रकार समाविष्ट झाला. त्यात संख्येस लागतील तितकी घरे मिळतात व केवळ यंत्राच्या स्मृतीचीच मर्यादा उरते. सामान्य संख्या व हा प्रकार यांचे एकत्र गणितकृत्य करू गेल्यास भाषा चूक दाखवून थांबते. बरोज यंत्रे जी सूचना देत असत, तिच्यासारखी एक सूचना अशा प्रकारे परत आली आहे. मात्र हा प्रकार तुलनेने मंदगती असून जेसन लेखनात तो थेट पाठवता येत नाही. शिवाय जुन्या संख्येचा वापर आजही सर्वत्र चालू आहे. त्यामुळे सुरक्षिततेच्या कसोटीची गरज संपलेली नाही.

टीफ्रॅकच्या काळात सीमेचे भान आज्ञावली लिहिणाऱ्याला ठेवावे लागे, बरोज यंत्रांनी ते स्वतःकडे घेतले, आंतरजालाच्या भाषेने ते वीस वर्षे कोणाकडेच ठेवले नाही आणि २०१५ च्या कसोटीने ते साधनासह पुन्हा आज्ञावली लिहिणाऱ्याच्या हाती दिले. बाहेरून आलेला प्रत्येक पूर्णांक वापरण्यापूर्वी तपासणे, प्रत्येक गणितकृत्यानंतर उत्तर तपासणे, नावादाखल असलेले क्रमांक अक्षरमालेत ठेवणे आणि सीमेजवळच्या बेरजांसाठी अमर्याद पूर्णांक वापरणे, या चार नियमांत तिचा व्यवहारातील उपयोग सामावलेला आहे. ते पाळले नाहीत, तर एका ग्राहकाचा क्रमांक दुसऱ्याचा होतो आणि यंत्राला त्यात काही वावगे दिसत नाही.